जिवंत परतलेल्यांची नोंद : जालन्याच्या जिल्हाधिकाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
माननीय जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा सैनिक मंडळ, जालना.

विषय : जिल्ह्यातील वयोवृद्ध माजी सैनिक आणि त्यांची कुटुंबे यांच्या जीवनवृत्तांताची नोंद करण्याबाबत.

महोदय,

रणांगणावर पडलेल्या सैनिकाची आठवण कशी जपावी, याची रीत महाराष्ट्रात आता बऱ्यापैकी ठरलेली आहे. गावच्या वेशीवर कमान उभी राहते, शाळेला किंवा चौकाला नाव दिले जाते, आणि वीरपत्नी व वीरमाता यांना २६ जानेवारीच्या ध्वजवंदनाला पहिल्या रांगेत बसवले जाते. हे सर्व योग्यच आहे. परंतु जो सैनिक पंधरा, सतरा किंवा चोवीस वर्षांची नोकरी पुरी करून, सगळे हातपाय शाबूत घेऊन गावी परतला, ज्याने त्यानंतर चाळीस वर्षे कोरडवाहू शेती केली, मुलांची लग्ने लावली आणि जो आता ओसरीवरच्या बाजेवर दिवस काढतो आहे, त्याच्या आयुष्याची नोंद त्याच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे सेवामुक्तीच्या वेळी हाती पडलेल्या छोट्या पुस्तिकेत, शेवटच्या शिक्क्यापाशी संपते. त्याच्या पत्नीची नोंद तर त्याहूनही त्रोटक असते. ही उणीव जालना जिल्ह्यापुरती तरी भरून काढता येण्यासारखी आहे, आणि तिच्यासाठी नवे कार्यालय, नवा निधी किंवा नवा कायदा यांची गरज नाही, हे दाखवणे हा या पत्राचा हेतू आहे.

जालना जिल्ह्याचा लष्कराशी संबंध थोडाथोडका नाही. जिल्ह्यातील असई या गावाजवळ, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेची आणि दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या सैन्याची गाठ पडली. शिंद्यांच्या कवायती पायदळाच्या पलटणींनी, ज्यांना मराठी कागदपत्रांत कंपू म्हटले आहे, त्या दिवशी दिलेली झुंज इतकी तिखट होती की कंपनीच्या बाजूने ४२८ ठार आणि अकराशेहून अधिक जखमी झाले. वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, त्याने जिंकलेल्या ९८ तोफांची गणती अचूक ठेवली. शिंद्यांच्या मेलेल्या सैनिकांचा आकडा मात्र आजही अंदाजाचाच आहे. भारतीय सैन्याच्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हातील हत्ती हा असईचा हत्ती म्हणून ओळखला जातो. जालन्याच्या एका खेड्याचे नाव अशा रीतीने दूर दक्षिणेतल्या जवानाच्या टोपीवर आहे, पण त्या लढाईतून जिवंत घरी गेलेल्या एकाही साध्या शिपायाचे घर कोणत्या गावी होते, हे जालन्यातील शाळेत शिकवता येत नाही.

असईनंतर जालना शहर हैदराबाद कंटिंजंटचे ठाणे झाले. कंटिंजंट म्हणजे निझामाच्या खर्चाने चालणारी, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज. तिच्याच खर्चाच्या थकबाकीपोटी १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला. ही फौज १९०३ मध्ये ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली आणि जालन्याची छावणी उठली. तिच्या पायदळ पलटणींची पुढे १९ वी हैदराबाद रेजिमेंट बनली, आणि त्या रेजिमेंटचे नाव १९४५ मध्ये कुमाऊं रेजिमेंट असे बदलले, म्हणजे ज्या रेजिमेंटच्या मेजर सोमनाथ शर्मा यांना स्वतंत्र भारताचे पहिले परमवीरचक्र मिळाले, तिच्या पूर्वजांपैकी काही पलटणी याच जिल्ह्याच्या मैदानांवर कवायत करत असत. निझामाच्या राज्यातील युरोपीय कबरी आणि स्मारके यांवरील लेखांची यादी १९४१ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, आणि तिच्यामुळे इथे मेलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांची, त्यांच्या बायकांची व तान्ह्या मुलांचीही नावे आज अभ्यासकाला मिळू शकतात. त्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली आयुष्य घालवलेल्या देशी सुभेदार-हवालदारांच्या घरांची अशी यादी करावी, असे त्या काळी कोणाला सुचले नाही. परक्या सत्तेने आपल्या माणसांची नोंद ठेवली आणि इतरांची ठेवली नाही, यात नवल करण्यासारखे काही नाही. नवल याचे वाटावे, की त्यानंतर आलेल्या आपल्या सत्तेनेही ती ठेवली नाही.

येथे मराठवाड्याचे वेगळेपण लक्षात घेणे आवश्यक आहे. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी किंवा नगर या जिल्ह्यांतून ब्रिटिश अमदानीपासून सैन्यभरती होत आली, आणि तिथल्या काही गावांत पहिल्या महायुद्धात गेलेल्या व परत न आलेल्या माणसांची संख्या कोरलेल्या शिळा अजून दिसतात. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या तर नावालाच लोक मिलिटरी हा शब्द जोडतात. मराठवाडा निझामाच्या राज्यात असल्यामुळे मुंबई इलाख्याच्या त्या भरतीच्या परंपरेबाहेर राहिला. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, निझामाची फौज मोडली गेली, आणि त्यानंतरच इथल्या शेतकरी, शेतमजूर व दलित कुटुंबांतील तरुणांना भारतीय सैन्याचा दरवाजा खऱ्या अर्थाने उघडला. याचा अर्थ असा, की जालना जिल्ह्यात आज ऐंशीच्या घरात असलेला माजी सैनिक हा पुष्कळदा आपल्या घराण्यातला पहिला सैनिक आहे. त्याच्या पाठीमागे आजोबांची पदके नाहीत, पलटणीच्या कथा सांगणारा चुलता नाही. जी काही परंपरा आहे ती त्याच्यापासूनच सुरू होते, आणि तो गेल्यावर तिचा उगमच नाहीसा होणार आहे.

गाव या माणसाला ओळखते, पण वरवर. हुद्दा शिपायाचा असो की नायब सुभेदाराचा, गावाच्या लेखी तो मेजरच असतो. त्याच्या कँटीनच्या कोट्याची चौकशी वर्षभर होते आणि त्याच्या गुडघ्यांची फारशी कोणी करत नाही. त्याने १९७१ चा डिसेंबर कुठे काढला, हे नातवाला विचारले तर बॉर्डरवर एवढेच उत्तर मिळते. वास्तविक तो पूर्व आघाडीवर होता की पश्चिम, हे सांगणारी वस्तू त्याच घरात, लोखंडी ट्रंकेत, धोतराच्या घडीखाली असते. पूर्व आघाडीवर लढलेल्यांना पूर्वी स्टार, पश्चिम आघाडीवर लढलेल्यांना पश्चिमी स्टार, आणि त्या युद्धकाळात सेवेत असलेल्यांना संग्राम पदक देण्यात आले. गोल पदकांच्या कडेवर, बारीक अक्षरांत, सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण किंवा कोअर यांची खूण कोरलेली असते. धातूला आलेला काळेपणा चिंधीने पुसला की ती अक्षरे वाचता येतात. त्या क्रमांकावरून संबंधित रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगावला, तोफखान्यासाठी नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्ससाठी खडकीला, सेवेचा तपशील मागता येतो. पदकावर गावाचे नाव मात्र नसते, आणि ट्रंक भंगारात गेली की पदक व गाव यांची ताटातूट कायमची होते.

पत्नीच्या बाबतीत नोंदीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे आणि त्याला थेट पैशाची बाजूही आहे. सैनिकाचे लग्न झाले, मूल झाले, की त्याच्या पलटणीने तशी अधिकृत नोंद, जिला लष्करी भाषेत पार्ट टू ऑर्डर म्हणतात, प्रसिद्ध करायची असते. तिच्याच आधारे पुढे पेन्शन प्रदान आदेशात, म्हणजे पीपीओत, कुटुंबनिवृत्तिवेतनाचा हक्क असलेल्या पत्नीचे नाव येते. मराठी घरात मुलीचे नाव लग्नात बदलण्याची चाल होती, सुटीवर आलेला जवान आठवड्यात परत जायचा, आणि पलटणीतला कारकून मराठी नावे ऐकून इंग्रजीत लिहायचा. परिणामी पीपीओत माहेरचे नाव, रेशनकार्डावर सासरचे आणि आधारकार्डावर तिसरेच, अशी स्थिती अनेक घरांत आढळते. नवरा हयात असेपर्यंत या तफावतीचे कोणाला सोयरसुतक नसते, आणि तो गेल्यावर सत्तरी ओलांडलेल्या बाईला प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला आणि राजपत्रातील नावबदल यांच्यामागे तालुक्याला खेटे घालावे लागतात. जीवनवृत्तांताची नोंद ही केवळ भावनेची बाब नाही, असे जे या पत्रात म्हणायचे आहे ते यासाठी. माणूस हयात आहे तोवर त्याच्या तोंडून घराची हकिकत नोंदवली आणि ती नोंदवताना कागद शेजारी ठेवून वाचले, तर अशी चूक त्याच बैठकीत उघडी पडते आणि त्याच्या सहीने दुरुस्तही करता येते.

सैनिकाच्या घराची हकिकत एका समाजाच्या इतिहासात किती मोलाची ठरू शकते, याचा पुरावा महाराष्ट्राला बाहेर शोधावा लागत नाही. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, महू येथून ते निवृत्त झाले, आणि मग दापोली, सातारा व मुंबई असा त्यांच्या कुटुंबाचा प्रवास झाला. त्यांनी कोणती लढाई जिंकली म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखत नाही. ते ओळखले जातात ते पेन्शनीत आल्यानंतरच्या आयुष्यामुळे. मुलाला हवे असलेले पुस्तक घेण्यासाठी ते विवाहित मुलीकडे जात, तिचा दागिना गहाण टाकत आणि पेन्शन आली की तो सोडवून परत करत. पहाटे अभ्यासाला उठवण्याचा त्यांचा शिरस्ताही प्रसिद्ध आहे. त्यांचे चौदावे अपत्य भीमराव हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर झाले म्हणूनच हा तपशील टिकला, ही गोष्ट नजरेआड करता येणार नाही. ब्रिटिश सैन्यात नोकरी केल्यामुळे साक्षर झालेली, शिस्तीची व निश्चित मासिक उत्पन्नाची चव घेतलेली अशी शेकडो महार कुटुंबे त्या काळी कोकणात व देशावर होती, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा त्या सर्व घरांवर जो आघात झाला, त्याची कल्पना आज मुख्यतः या एका घरावरून करावी लागते. एका घरावर इतका भार टाकणे इतिहासाच्या अभ्यासाला परवडणारे नाही.

उलट बाजूचे उदाहरण निमजचे. अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील या गावचे नामदेव जाधव यांना दुसऱ्या महायुद्धात इटलीतील सेनिओ नदीच्या काठी ९ एप्रिल १९४५ रोजी केलेल्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मशीनगनच्या माऱ्यातून त्यांनी दोन जखमी सोबत्यांना बाहेर काढले, शत्रूची ठाणी बंद पाडली, आणि हाताला जखम झाली असताना बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना केली, हे मानपत्रात आहे आणि तेच सर्वत्र छापले जाते. त्या वेळी ते तेवीस वर्षांचे होते. पुण्यात त्यांचे निधन झाले ते १९८४ मध्ये. काठावरच्या काही घटका जगाच्या पुस्तकांत आल्या आणि त्यानंतरची एकोणचाळीस वर्षे, त्यांतला संसार, त्यांतली पेन्शन, त्यांतले गाव, यांना त्या पुस्तकांत क्वचितच जागा मिळाली. मानपत्राचा तो दोषही नाही, कारण पराक्रमाचे मानपत्र हे स्वभावतःच एका कृत्याचे असते. पण मानपत्रालाच चरित्र समजण्याची सवय मात्र आपली आहे. ज्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला त्यांची ही गत, तर ज्यांच्या छातीवर दीर्घ सेवेचे पदक तेवढे आहे त्यांच्याविषयी काय सांगावे!

जालन्यातील वृद्ध सैनिकाच्या घराची हकिकत विचारली तर तिच्यात लढाईपेक्षा दुष्काळ जास्त येईल, असा तर्क करता येतो. ज्या घरातला कर्ता मुलगा डिसेंबर १९७१ मध्ये पूर्वेकडील जमालपूरच्या किंवा राजस्थानच्या आघाडीवर होता, त्याच घराने पुढच्या वर्षीचा, म्हणजे १९७२ चा, दुष्काळ त्याच्या गैरहजेरीत काढला. खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावाच्या कामावर त्याची बायको जात होती, आणि महिन्याच्या महिन्याला येणारी मनीऑर्डर कित्येकदा एका कुटुंबाची न राहता सगळ्या भावकीची होत होती. मनीऑर्डरच्या तळाशी निरोपासाठी ठेवलेल्या चार ओळींच्या जागेत नवऱ्याने काय लिहिले, ते पोस्टमनने किंवा गुरुजींनी वाचून दाखवले आणि उत्तर ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ अशा, गाव-जिल्हा नसलेल्या लष्करी टपालाच्या पत्त्यावर गेले. सुटीवर येणाऱ्या जवानाला मनमाडला मोठ्या गाडीतून उतरून काचीगुड्याकडे जाणारी छोटी गाडी धरावी लागे, आणि रेल्वेमार्गाचे रुंदीकरण होईपर्यंत मराठवाड्याच्या अनेक सैनिकांनी ट्रंक डोक्यावर घेऊन तो फलाट ओलांडला आहे. या गोष्टी कोणत्याही युद्धेतिहासात नाहीत. त्या फक्त दोन माणसांना ठाऊक असतात, आणि त्या दोघांपैकी जिला जास्त ठाऊक असते तिला आजवर कोणी विचारलेले नसते.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. वयोवृद्ध माजी सैनिक कोण व कोठे आहेत, हे शोधण्यासाठी नवे सर्वेक्षण करण्याची गरज नाही. निवृत्तिवेतनाच्या नियमांनुसार पेन्शनधारकास वयाच्या ऐंशीव्या वर्षापासून मूळ पेन्शनच्या २० टक्के, पंच्याऐंशीव्या वर्षापासून ३० टक्के, नव्वदीनंतर ४०, पंच्याण्णवनंतर ५० आणि शंभरीनंतर १०० टक्के अशी अतिरिक्त वाढ मिळते, त्यामुळे ऐंशी ओलांडलेले पेन्शनधारक कोण, हे पेन्शन खात्याला नेमके माहीत असते. आणि ओळखपत्र दिलेल्या माजी सैनिकांची व विधवांची नोंदवही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात असतेच. पेन्शनसाठी पात्र न ठरलेले जुने सैनिक मात्र पहिल्या यादीतून निसटतात, त्यांच्यासाठी गावोगावच्या माजी सैनिक संघटनांची मदत घ्यावी लागेल. शिवाय पेन्शनधारकाला दरवर्षी, बहुधा नोव्हेंबर महिन्यात, हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी त्यासाठी तो बँकेत जाऊन साहेबापुढे उभा राहत असे. आता स्पर्श या ऑनलाइन पेन्शन प्रणालीमुळे सेवा केंद्रातल्या यंत्रावर अंगठा ठेवतो, आणि नांगर धरून झिजलेला अंगठा यंत्राला पटत नाही म्हणून तास-दोन तास बाकावर बसून राहतो. नेमक्या त्या बाकावर, त्या वेळात, त्याच्याशी बोलायला एक प्रशिक्षित विद्यार्थी बसवणे जिल्हा प्रशासनाला अवघड नाही.

विद्यार्थी प्रशिक्षित हवा, हे मुद्दाम लिहिले आहे. मौखिक इतिहास, म्हणजे माणसाच्या तोंडून ऐकून व ध्वनिमुद्रित करून केलेली नोंद, ही शाखा दिसते तितकी सोपी नाही. पन्नास वर्षांनी सांगितलेल्या आठवणीत ऐकीव गोष्टी मिसळतात, चित्रपटांतले प्रसंग शिरतात, आणि समोर पाहुणे बसले की साध्या पहाऱ्याच्या रात्रीचीही लढाई होते. तेव्हा सांगणाऱ्याचा मान राखून, डिस्चार्ज बुकातील तारखांशी त्याचे बोलणे ताडून पाहण्याची सवय मुलाखत घेणाऱ्याला असली पाहिजे. अमेरिकेच्या काँग्रेसने २००० साली कायदा करून आपल्या राष्ट्रीय ग्रंथालयात माजी सैनिकांच्या आठवणींचा जो प्रकल्प सुरू केला, त्याचे बहुतेक काम स्वयंसेवकांनीच केले आहे, आणि तरीही तिथे मुलाखतीची किमान लांबी, संमतिपत्र व कागदपत्रांच्या प्रती यांचे नियम आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये जिल्ह्यात आहेत. त्यांच्या इतिहास विभागांना हे काम नियमानिशी सोपवता येईल. जी गोष्ट सांगायची नाही ती न सांगण्याचा सैनिकाचा व त्याच्या पत्नीचा हक्क त्या नियमांत पहिला असावा. पत्नीची मुलाखत वेगळी, नवरा शेजारी नसताना आणि शक्य तो विद्यार्थिनीने घ्यावी. नवरा जवळ असला की ती पदर सावरून त्याच्याकडे बोट दाखवील आणि नोंदवहीत पुन्हा तेच एक नाव येईल. नोंदीच्या पहिल्या पानावर तिची माहेरची व सासरची दोन्ही नावे, दोन्ही गावे आणि लग्नाचे वर्ष असावे.

या कामाचा एक धोका आधीच सांगितलेला बरा. अशा नोंदींचे रूपांतर लवकरच गुळगुळीत कागदावरच्या वीरगाथेत होते, प्रकाशन समारंभ होतो, व्यासपीठावर शाली दिल्या जातात आणि मूळ ध्वनिमुद्रण कोणाच्या तरी मोबाईलमध्ये राहून नष्ट होते. असे पुस्तक निघाले नाही तरी चालेल. प्रत्येक मुलाखतीची एक प्रत कुटुंबाला, एक जिल्हा ग्रंथालयाला आणि एक विद्यापीठाला मिळावी, पदकांच्या कडांची व डिस्चार्ज बुकाच्या पानांची छायाचित्रे तिच्यासोबत असावीत, आणि ज्यांच्या सेवेत पराक्रमाचा एकही प्रसंग नाही, ज्यांनी सतरा वर्षे लंगरमध्ये भाकऱ्या-पुऱ्या केल्या किंवा गाड्या दुरुस्त केल्या, त्यांनाही त्याच रकान्यांत तेवढीच जागा मिळावी. दरवर्षी ७ डिसेंबरला आपल्या अध्यक्षतेखाली ध्वजदिन निधीचे संकलन सुरू होते. त्या दिवशी निधीच्या उद्दिष्टासोबत वर्षभरात किती घरांच्या नोंदी पूर्ण झाल्या, हा आकडाही वाचून दाखवला गेला, तर खात्यांना हे काम आपलेच असल्याची जाणीव राहील.

१९६२ मध्ये अठरा वर्षांचा असलेला जवान आज ऐंशी ओलांडून गेला आहे, आणि १९७१ चा जवान सत्तरीपुढे आहे. तरी येत्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी येणाऱ्या ऐंशी वर्षांवरील माजी सैनिकांपासून आणि त्यांच्या पत्नींपासून हे काम सुरू करण्याचे आदेश आपल्या स्तरावरून द्यावेत, आणि पीपीओतील पत्नीच्या नावाची पडताळणी त्याच बैठकीत करून घ्यावी, ही विनंती.